संगणकातील ताजे आणि टिकाऊ



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगभरच्या कोट्यवधी संगणकांच्या आयुष्यात एक मोठा फरक पडला. पण तो पडताना कोठे आवाज झाला नाही, की एखादे यंत्र थांबले नाही. २०१५ साली आलेल्या 'विंडोज १०' या प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनी ज्या सुरक्षा-दुरुस्त्या विनामूल्य पुरवीत असे, त्या त्या दिवसापासून सर्वसाधारणपणे थांबल्या. घरगुती ग्राहकांपैकी ज्यांनी वाढीव योजनेत नाव नोंदविले, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ ही आणखी एक तारीख मिळाली, इतकेच. पुढची 'विंडोज ११' घ्यावी म्हटले, तर ती पुष्कळशा जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसतच नाही. तिला ठरावीक पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते. म्हणजे घर धडधाकट आहे, पण त्याचा राखणदार नोकरी सोडून गेला आहे, अशी ही स्थिती.

बेळगावच्या खानापूर रस्त्यावरील उद्यमबागेत या स्थितीचा अर्थ काय होतो, हे तेथील लहान कारखानदारास सांगावे लागणार नाही. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे सुटे भाग बनविणारे कारखाने यांची ही वसाहत. लेथ, ड्रिल आणि ग्राइंडर यांच्या गराड्यात, ऑफिसच्या एका कोपऱ्यात एखादा संगणक असतो. पार्टीने पाठविलेले ड्रॉइंग त्यावर उघडते, कोटेशन त्यावर तयार होते, ई-वे बिल त्यावरून निघते. तो आजारी पडला तरी लेथ फिरत राहील. पण कागद निघाला नाही म्हणजे माल गेटबाहेर पडत नाही, माल गेला नाही म्हणजे पैसा येत नाही, आणि पैसा आला नाही म्हणजे कामगाराचा पगार लांबतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काय किंवा एखाद्या शाळेच्या कार्यालयात काय, गोष्ट तीच.

अशा वेळी कोणी जाणता तरुण सांगतो, "लिनक्स बसवा." सल्ला विचार करण्याजोगा आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला. काटेकोरपणे बोलायचे, तर लिनक्स हे फक्त गाभ्याचे नाव आहे. या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि संगणकाच्या प्रत्यक्ष यंत्रभागाशी बोलणे हे त्याचे काम. या गाभ्याभोवती पडदा, छपाई, पत्रलेखन, हिशेब असे हजारो कार्यक्रम जुळवून, तपासून, एकत्र बांधून जो संच लोकांच्या हाती दिला जातो, त्याला 'डिस्ट्रिब्यूशन' किंवा आपल्या भाषेत 'वितरण' म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च ही अशा वितरणांची नावे. यांपैकी बहुतेक विनामूल्य मिळतात. त्यामुळे प्रश्न पैशाचा उरत नाही, निवडीचा उरतो.

आणि येथेच दोन म्हणी एकमेकींसमोर उभ्या राहतात. एक म्हणते, 'जुने ते सोने.' दुसरी म्हणते, 'नव्याचे नऊ दिवस.' गंमत अशी की दोन्ही म्हणी जुन्याच्याच बाजूने बोलतात. संगणकाच्या दुकानात मात्र उलटा वारा वाहत असतो. तेथे आवृत्तीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू चांगली असे समजण्याची रीत आहे. या दोन्ही समजुती अर्धवट कशा आहेत, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम हे वितरण तयार कसे होते ते पाहू. आम्हां शिक्षकांना पाठ्यपुस्तकाचे उदाहरण जवळचे वाटते. जूनमध्ये वर्ग सुरू झाला म्हणजे मुलांच्या हाती जी आवृत्ती पडते, तीच वर्षभर चालते. मध्येच एखादा धडा बदलला, तर अर्ध्या वर्गाकडे जुने पुस्तक आणि अर्ध्याकडे नवे, असा गोंधळ होईल. मात्र छपाईची एखादी घोडचूक निघाली, तर शुद्धिपत्र येते आणि तेवढी ओळ सुधारली जाते. पुस्तक तेच राहते, पान तेच राहते. चूक तेवढी जाते.

डेबियन या वितरणाची रीत नेमकी अशी आहे. इयान मर्डॉक याने १९९३ च्या ऑगस्टमध्ये त्याची घोषणा केली. डेबियनच्या तीन शाखा आहेत. नवा कार्यक्रम प्रथम 'अस्थिर' शाखेत येतो. तेथे काही दिवस गंभीर दोष आढळला नाही, तर तो 'चाचणी' शाखेत उतरतो. सुमारे दोन वर्षांनी चाचणी शाखेचे दार नव्या आवृत्त्यांना बंद केले जाते. पुढे काही महिने केवळ दोष काढण्याचे काम चालते, आणि मग 'स्थिर' आवृत्ती प्रसिद्ध होते. या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्रांची नावे देण्याचा प्रघात आहे. अस्थिर शाखेचे नाव कायमचे 'सिड', आणि सिड म्हणजे त्या चित्रपटातील खेळणी मोडणारा मुलगा! नाव ठेवणारांनी वापरणाऱ्यास आधीच सूचना देऊन ठेवली आहे. डेबियनची १२ वी स्थिर आवृत्ती १० जून २०२३ रोजी आणि १३ वी ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघाली. या १३ व्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. इतकी सगळी एकमेकांशी भांडणार नाहीत, अशी बसवावयाची, म्हणून हा वेळ लागतो.

याच्या अगदी उलट रीत आर्च लिनक्सची किंवा ओपनसुसे टंबलवीडची. तेथे आवृत्ती अशी नाहीच. मूळ लेखकाने कार्यक्रम सुधारला, की थोड्याच दिवसांत तो आपल्या संगणकात उतरतो. हा वाहत्या पाण्यासारखा प्रकार असल्याने त्याला 'रोलिंग' म्हणतात. टंबलवीडमध्ये प्रत्येक संच बाहेर पडण्यापूर्वी त्याच्या स्वयंचलित चाचण्या होतात. आर्चमध्ये अद्ययावत करण्यापूर्वी सूचना वाचाव्यात, अशी वापरणाऱ्याकडून अपेक्षा असते. या दोन टोकांच्या मध्ये फेडोरा आहे: सुमारे सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि प्रत्येकीची राखण सुमारे तेरा महिने. उबुंटूही दर एप्रिल व ऑक्टोबर महिन्यात निघते. परंतु दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघणारी तिची आवृत्ती दीर्घ मुदतीची असते आणि तिला पाच वर्षे विनामूल्य दुरुस्त्या मिळतात.

आता मुख्य गैरसमजाकडे वळू. आवृत्तीचा आकडा जुना म्हणजे कार्यक्रम असुरक्षित, असे अनेकांस वाटते. दीर्घ मुदतीच्या वितरणात तसे नसते. एखाद्या कार्यक्रमात चोरवाट सापडली, की मूळ लेखक नवी आवृत्ती काढून ती बुजवितो. वितरणाचे राखणदार त्या नव्या आवृत्तीतील फक्त दुरुस्ती वेगळी काढतात आणि ती जुन्या आवृत्तीत बसवितात. हेच ते शुद्धिपत्र. बाहेरून आकडा जवळजवळ तोच दिसतो, पण भोक बुजलेले असते. म्हणून 'आकडा कोणता?' या प्रश्नापेक्षा 'दुरुस्ती येत आहे काय, आणि किती दिवस येणार?' हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

याची दोन उदाहरणे अलीकडच्या इतिहासात आहेत. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या घातक कार्यक्रमाने दीडशेहून अधिक देशांतील संगणक कुलूपबंद केले आणि ते उघडण्यासाठी खंडणी मागितली. इंग्लंडमधील इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या विंडोज संगणकांवर हा घाला पडला, त्यांच्यासाठीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्च रोजी प्रसिद्ध केली होती. परंतु असंख्य ठिकाणी ती बसविलीच गेली नव्हती. जुने ते सोने म्हणून हात जोडून बसले, की असे होते.

दुसरे उदाहरण याच्या उलट. २०२४ च्या फेब्रुवारीत 'एक्सझेड' या, माहिती दाबून लहान करणाऱ्या, साध्या साधनाची ५.६.० ही आवृत्ती निघाली. दोनअडीच वर्षे सभ्यपणे मदत करून विश्वास कमावलेल्या एका टोपणनावाच्या सहकाऱ्याने तिच्यात गुप्त दरवाजा ठेवला होता. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएच या सेवेवर त्याचा रोख होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या संगणकावर प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे दिसले. त्याने चिकाटीने कारण शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जगापुढे ठेवले. तोवर ही आवृत्ती डेबियनच्या अस्थिर व चाचणी शाखांत आणि टंबलवीडमध्ये पोहोचली होती. डेबियनच्या स्थिर शाखेत जुनी ५.४.१ ही आवृत्ती होती, म्हणून ती शाखा सुरक्षित राहिली. जे सर्वांत ताजे घेत होते, त्यांच्याच ताटात आधी विष पडले.

या दोन घटना एकत्र ठेवल्या म्हणजे तात्पर्य हाती येते. वॉनाक्रायचे बळी जुनेपणामुळे गेले नाहीत, बेवारशी राहिल्यामुळे गेले. एक्सझेडचे संकट टळले ते नशिबाने नव्हे. तपासणीसाठी थांबण्याची रीत ज्यांनी पाळली त्यांचे टळले, आणि ताज्या शाखा वापरणाऱ्या एका सावध माणसामुळे पुढच्यांचे टळले. ताज्या शाखा वापरणारे लोक सर्वांच्या वतीने चव घेऊन पाहत असतात, आणि त्यांचे आपण ऋणी असले पाहिजे. पण ज्या कारखान्यात संगणक एकच आहे आणि तो दुरुस्त करणारा मनुष्य पगारावर नाही, त्या कारखान्याने चव घेण्याचे काम अंगावर घेऊ नये.

मात्र थांबण्यालाही किंमत असते, ती लपवून उपयोग नाही. उद्यमबागेच्याच कामातील उदाहरण घेऊ. ओतकामासाठी पॅटर्न बनवावयाचा, तर त्याचा आराखडा हल्ली संगणकावर काढतात. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स हे कार्यक्रम लिनक्ससाठी निघत नाहीत. लिनक्सवर फ्रीकॅड हा विनामूल्य कार्यक्रम मिळतो. त्याची १.० ही आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली. पूर्वीच्या आवृत्त्यांत आराखड्याच्या आधीच्या पायरीवर फेरफार केला, की कडांची आणि पृष्ठभागांची अंतर्गत नावे बदलत आणि पुढच्या पायऱ्या विस्कटत. ओतीव लोखंड थंड होताना आकसते म्हणून पॅटर्नचे माप वाढवून ठेवणाऱ्या कारागिराला आधीच्या मापात फेरफार वारंवार करावा लागतो. त्यामुळे हा दोष त्याला फार जाचत असे. १.० आवृत्तीत तो बराच आटोक्यात आला. पण डेबियनच्या १२ व्या आवृत्तीत फ्रीकॅड ०.२० होते, १.० मिळण्यास १३ व्या आवृत्तीची, म्हणजे सुमारे नऊ महिन्यांची, वाट पाहावी लागली.

मग या एका कार्यक्रमासाठी सगळे घर बदलावयाचे काय? तसे करण्याचे कारण नाही. फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज अशा नावांच्या सोयी आहेत. त्यांत एखादा कार्यक्रम आपल्याला लागणारे सुटे सामान बरोबर घेऊन येतो आणि खालच्या प्रणालीला फारसा धक्का न लावता चालतो. डेबियनमध्ये 'बॅकपोर्ट' नावाचे वेगळे भांडारही आहे. त्यात निवडक नव्या वस्तू स्थिर आवृत्तीसाठी पुन्हा बांधून ठेवलेल्या असतात. पाया जुना आणि दुरुस्त होत राहणारा, वर गरजेपुरते एखादे अवजार ताजे, अशी रचना यातून साधते. फाउंड्रीत नवे ग्राइंडर आणले म्हणून कोणी शेडचे खांब उपटत नाही.

नवेपणा पायातच लागतो, असा प्रसंग बहुधा एकच: यंत्र स्वतः अगदी नवे असते तेव्हा. या वर्षी बाजारात आलेल्या लॅपटॉपचे वायफाय किंवा पडद्याचे कार्ड दोन वर्षांपूर्वीच्या कर्नलला ओळखता येईलच असे नाही. तेथे फेडोरासारखे ताजे वितरण घ्यावे, किंवा दीर्घ मुदतीच्या उबुंटूत मिळणारे नवे कर्नल वापरावे. याउलट यंत्र फार जुने असेल, तर ताजेपणाच आडवा येतो. ३२ बिटांच्या जुन्या प्रोसेसरांचा आधार आर्चने २०१७ साली सोडला, आणि डेबियनच्या १३ व्या आवृत्तीपासून अशा संगणकावर ती नव्याने बसविण्याची नेहमीची सोयही उरली नाही.

आता कोणी विचारील, प्रत्यक्ष सीएनसी यंत्रांचे काय? मोठ्या यंत्रांना त्यांच्या उत्पादकाने दिलेला स्वतंत्र कंट्रोल असतो. तेथे आपण हात घालू नये. पण जुन्या मिलिंग यंत्राला संगणक जोडून चालविणारे हौशी व लहान कारखानदार लिनक्ससीएनसी हा कार्यक्रम वापरतात. त्यात हत्यार क्षणाच्या बारीक अंशात हलवावे लागते. आज्ञा उशिरा पोहोचली तर जॉब खराब होतो. यासाठी लागणारी, ठरल्या क्षणी काम करण्याची व्यवस्था अनेक वर्षे कर्नलला बाहेरून ठिगळासारखी जोडावी लागे. ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१२ या कर्नलमध्ये मूळचीच झाली, आणि डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत तेच ६.१२ कर्नल आहे. असे यंत्र एकदा नीट बसले, मापे जुळली, की त्यावरील प्रणालीत केवळ हौसेने फेरबदल करू नयेत.

आणखी एक शंका आपल्या सीमाभागात हटकून येते: मराठी आणि कन्नड दोन्ही नीट उमटतील ना? त्यासाठी सर्वांत ताज्या आवृत्तीच्या मागे धावण्याची गरज नाही. दोन्ही लिप्यांचे 'लोहित' फॉन्ट आणि टंकलेखनाची सोय वर्षानुवर्षे बहुतेक वितरणांच्या भांडारांत आहे. आपल्याच देशातील सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय भाषांचा विचार करून 'बॉस' नावाचे वितरण तयार केले, तेही डेबियनच्या पायावर. केरळातील शाळांसाठी तेथील 'काइट' ही संस्था जी प्रणाली देते, ती उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर आधारलेली आहे. जेथे पुष्कळ संगणक आणि थोडे राखणदार, तेथे अनुभवी संस्था कोणती बाजू घेतात, हे यावरून दिसून येईल.

परंतु मुदतीचे वचन कोणी दिले आहे, हेही तपासून घ्यावे लागते. सेंटओएस नावाचे एक वितरण सर्व्हर चालविणाऱ्यांत फार विश्वासाचे होते. त्याच्या ८ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, असे धरून लोकांनी यंत्रे उभी केली; २०२० च्या डिसेंबरात घोषणा झाली, की ती ३१ डिसेंबर २०२१ रोजीच बंद होणार. त्यातून रॉकी लिनक्स आणि आल्मालिनक्स ही नवी वितरणे जन्मास आली. म्हणून तारीख लिहून ठेवावी आणि वर्षातून एकदा पुन्हा पाहावी. डेबियनच्या १३ व्या आवृत्तीची नेहमीची राखण २०२८ च्या ऑगस्टपर्यंत, आणि वाढीव राखण ३० जून २०३० पर्यंत जाहीर झालेली आहे, उबुंटू २४.०४ ची विनामूल्य मुदत २०२९ पर्यंत.

तेव्हा निवड करताना स्वतःस चार प्रश्न विचारावेत. पहिला, माझे रोजचे काम ज्या कार्यक्रमांवर चालते ते लिनक्सवर मिळतात काय? टॅलीसारखा हिशेबाचा कार्यक्रम विंडोजसाठी बनविलेला आहे. तो सोडता येत नसेल, तर आधी त्याची वाट ठरवावी, मग पुढे जावे. दुसरा, माझे यंत्र अगदी नवे आहे काय? तिसरा, नेमका कोणता एक कार्यक्रम मला ताजा हवा आहे, आणि का? 'सगळेच' असे उत्तर आले, तर प्रश्नाचा विचार झालेला नाही असे समजावे. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: अद्ययावत केल्यावर सकाळी संगणक सुरू झाला नाही, तर तो सुरू करणारा कोण, आणि त्याला तेवढा वेळ आहे काय? घरात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल आणि संगणक शिकण्यासाठीच असेल, तर खुशाल वाहते वितरण घ्यावे. मोडणे आणि जोडणे यांतूनच विद्या येते. उद्यमबागेतच गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९७९ पासून उभे आहे. तेथील विद्यार्थ्याने ताजी शाखा वापरून दोष कळविले, तर ती साऱ्या जगाची सेवा होईल. मात्र ज्या संगणकावर पगारपत्रक आहे, तो प्रयोगाची जागा नव्हे.

निर्णय काहीही होवो, तीन कामे चुकवू नयेत. नवी प्रणाली बसविण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून ती तशीच चालवून पाहावी. बहुतेक वितरणे ही सोय देतात आणि आपला छपाईयंत्र, वायफाय, स्कॅनर चालतो की नाही हे त्यावरून कळते. ड्रॉइंग आणि हिशेब यांची एक प्रत संगणकाबाहेर ठेवावी. आणि स्थिर वितरण घेतले म्हणून निर्धास्त झोपू नये. आठवड्यातून एक ठरावीक वेळ नेमून आलेल्या दुरुस्त्या बसवाव्यात. शुद्धिपत्र कपाटात पडून राहिले, तर पुस्तकातील चूक तशीच राहते.

लेथला जसे रोज तेल लागते, तशी प्रणालीला दुरुस्ती लागते. मग ती प्रणाली काल निघालेली असो वा दोन वर्षांपूर्वीची. ज्याची राखण चालू आहे आणि जी आपल्याच्याने करवते, ती आवृत्ती आपली. आपल्या कोपऱ्यातील संगणकाची मुदत कोणत्या तारखेस संपते, एवढे तरी आज पाहून ठेवावे.